करपलेल्या भाजीचं पुस्तक

आमच्या शेजारच्या काकू मूळच्या शिरगावच्या. लग्न असो की बारसं, त्या भेट म्हणून पुस्तकच देतात. ते निवडायची त्यांची रीत मात्र जगावेगळी! पालघरहून आणलेलं पुस्तक ओट्यावर तेलाच्या डब्याला टेकवून त्या स्वयंपाक करता करता वाचतात आणि गोष्टीतल्या माणसांना मोठ्यानं दटावतात. भाजी करपली, की पुस्तक पास. तिथंच ते मिटतात आणि देऊन टाकतात.

"काकू, शेवट तरी वाचून घ्या की," मी एकदा म्हटलं.

"वाचून झालेलं काय द्यायचं? मला सोडवत नाय, तेच द्यायचं."

परवा भिंतीपलीकडून ओरडा ऐकू आला, "त्या होडीत बसू नको गं पोरी! तो खोटारडा हाय!" पाठोपाठ वांगी करपल्याचा वास. माझा वाढदिवस तोंडावर आलेला. त्या वासानंच मला हुरूप आला.

काल काकू ते पुस्तक घेऊन आल्या. माझ्या हातात दिलं, पण त्यांची बोटं काही सुटेनात. शेवटी मीच ओढून घेतलं.

आज कढईत कांदा टाकला तेव्हा मी निम्म्यावर आले होते. म्हटलं, एकच पान. पोरगी किनाऱ्यावर आली, तो हसला, तिनं होडीत पाय टाकला, आणि माझ्या कढईतून धूर निघाला.

भिंतीवर धपाधप थापा पडल्या.

"बसली ना गं होडीत? कांदा मरू दे! पुढं वाच, मोठ्यानं वाच!"