बांगड्या उतरवून आत जा

सरपंचाच्या निवडणुकीत उभ्या असलेल्या बाईला चिन्ह मिळालं बांगड्यांचं. तिने घरोघर बांगड्या वाटल्या, अशी गावात कुजबुज होती. आणि मी त्याच आठवड्यात परतवाड्याच्या बाजारात मनियाराकडून हिरव्या बांगड्या भरून आले होते. जुन्या झिजल्या होत्या, एवढंच कारण. पण घरच्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, पुन्हा पुन्हा विचारलं, "खरंच बाजारातल्या हायेत का?" मत दुसऱ्या उमेदवाराला द्यायचं, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. मला मात्र ते माझ्या मनाने द्यायचं होतं, आणि कोणाला कळू द्यायचं नव्हतं.

शाळेत रांग होती. त्या दुसऱ्या उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून खोलीत बसलेला माणूस नात्याने माझा दीर. माझी पाळी येताच तो उठून दारात आला. नजर माझ्या हातावर.

"वैनी, थांबा. प्रचार करून राहिल्या तुमी. बांगड्या उतरवून ठेवा, मंग आत जा."

नवरा असताना भर रांगेत बांगड्या उतरवायच्या? आणि नाही उतरवल्या तर मत जाणार. याला आमच्या घरूनच सांगून ठेवलं असेल, असं मनात आलं.

मागे शेजारची चाची उभी होती. ती म्हणाली, "काहून रे, तुह्या बायकोच्या उतरवल्या का सकाळी? अन् त्या पोलीसबाईच्या हातात काय हाये, काकडी?"

रांग हसली. दाराशी उभ्या पोलीसबाईने बांगड्यांचा हात मागे घेतला.

आवाज ऐकून केंद्राचे साहेब बाहेर आले. त्यांचाही मला भरवसा नव्हता. सकाळचा चहा त्यांना कोणाच्या घरून आला, कोण जाणे. त्यांनी आधी माझा हात पाहिला, मग दिराचं तोंड.

"चिन्हाचा बिल्ला, टोपी, पत्रक असतं तर मी काढायला लावलं असतं. बांगड्या बायका रोज घालतात. यांनी कोणाला मत मागितलं का?"

"वाटलेल्या हायेत त्या, साहेब."

"तशी तक्रार असेल तर लेखी द्या. त्यासाठी यांचं मत मला अडवता येत नाही. आणि तुम्ही मतदारांशी बोलू नका. जागेवर बसा."

आत पुठ्ठ्याच्या आडोशाला मशीन होतं. हात वरच्या बटणाकडे गेला की खालच्या, हे दीर बांगड्यांच्या आवाजावरून ओळखेल असं वाटलं. मी डाव्या हाताने उजव्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकवल्या, घट्ट धरल्या आणि बटण दाबलं.

संध्याकाळी दीर घरी येऊन गेला. मग घरच्यांनी विचारलं, "बांगडीलेच देलं न?"

"मत सांगाचं नसते."

"कोणं सांगतलं तुले?"

"साहेबानं."

साहेब तसं काही बोलले नव्हते.

ते चुलीजवळच बसून राहिले. मी भाकरी थापायला घेतली. बांगड्या वाजत होत्या, मी त्या धरल्या नाहीत. ते मान खाली घालून ऐकत होते.