माहीत नाही म्हणायचा डाव

तिला सगळे पत्तेबाई म्हणायचे. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण तिला ते पक्कं ठाऊक होतं आणि आतून आवडायचंही. आयुष्यभर वॉर्डात सिस्टर म्हणून पळापळ केली, गुडघ्यांनी राम म्हटल्यावर दवाखान्याच्या नर्सिंग शाळेत शिकवायला आली. विषय मिळाला तो सगळ्यांनी टाळलेला: वैद्यकीय शब्द. पहिल्या वर्षाच्या मुली ते लांबलचक शब्द ऐकून अशा घाबरायच्या की काहीजणी चार महिन्यांत गाशा गुंडाळायच्या. घोकंपट्टी करून करून बिचाऱ्यांची तोंडं सुकायची.

मग बाईने शर्टांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापले आणि प्रत्येकावर शब्दाचा एकेक तुकडा लिहिला. कार्डिओ म्हणजे हृदय, हेपॅटो म्हणजे यकृत, आयटिस म्हणजे सूज, एक्टमी म्हणजे कापून काढणं. पत्ते पिसायचे, वाटायचे. पानं जोडून शब्द करायचा, खाली टाकायचा, मोठ्याने अर्थ सांगायचा. कुणाला शंका आली तर "चॅलेंज!" म्हणून ओरडायचं. कुणी ओरडलंच नाही, तर गुण खिशात. वर्गात असा दंगा व्हायचा की शेजारच्या वर्गातले सर भिंतीवर डस्टर आपटायचे. आपटू देत! मुली शिकत होत्या, वर्ग सोडून कुणी जात नव्हतं. बाईला आणखी काय हवं होतं?

वर्गात एक चॅम्पियन होती. हडकुळी, ताठ मानेची. हिला डावात हरवणं महाकठीण, कारण शब्द येत नसला तरी ही अशा झोकात अर्थ ठोकून द्यायची की समोरचीला स्वतःचीच शंका यायची. बाईही हसायची. "काय गं, थापा मारायचा क्लास लावलायस का कुठे?" एवढं बोलून सोडून द्यायची. इथेच तर बाई चुकली.

एका सकाळी वॉर्डात डॉक्टर एका आजोबांच्या खाटेशी थांबले आणि चॅम्पियनला म्हणाले, "यांना एनबीएम ठेवा." म्हणजे ऑपरेशन होईपर्यंत पोटात काही जाऊ द्यायचं नाही, पाण्याचा थेंबही नाही. हिला ते माहीत नव्हतं. तरी मान डोलावली, "हो सर" म्हणाली, आणि आजोबांनी मागितला म्हणून चहा दिला, वर दोन बिस्किटं. आजोबा खूश. ऑपरेशन मात्र पुढे ढकललं गेलं. वेळेवर कळलं म्हणून बरं, नाहीतर जिवावर बेतलं असतं.

मोठ्या मॅडमनी, म्हणजे शाळेच्या प्राचार्यांनी, बाईला बोलावून घेतलं.

"तुमच्या खेळात थाप पचली की गुण मिळतात. बरोबर?"

बाईला "हो" म्हणावंच लागलं. खोटं काय बोलणार, कप्पाळ!

"शुक्रवारी मी स्वतः वर्गात येऊन बसते. पटलं नाही तर पत्ते बंद. पुन्हा पाठांतर."

बाई घरी गेली ती धुसफुसतच. मोठ्या मॅडमवर चिडली, चॅम्पियनवर चिडली, आणि भाजी चिरता चिरता स्वतःवर सगळ्यात जास्त चिडली. मोठ्या मॅडम बरोबरच बोलत होत्या ना! दुसऱ्या दिवशी तिने वर्गात नवा नियम सांगितला. पानं हातात आहेत पण शब्द येत नाही, तर सरळ "माहीत नाही" म्हणायचं आणि विचारायचं. त्याला एक गुण. पकडलेल्या थापेला दोन वजा.

आणि काय सांगावं, एकही पोरगी तोंड उघडेना! फुकटचा गुण समोर पडलेला, पण "माहीत नाही" म्हणायची सगळ्यांना लाज. चॅम्पियन तर थापा मारत राहिली, चहाच्या प्रकरणानंतर सावध झालेल्या मुलींकडून पकडली जात राहिली आणि हरत राहिली. तास संपल्यावर बाईने तिला थांबवलं.

"अगं, दोन शब्द आहेत. एवढे जड का जातात?"

पोरीचे डोळे भरले. "बाई, घरी आई सगळ्यांना सांगते, आमच्या हिला सगळं येतं. शेजारपाजारचे रिपोर्ट घेऊन येतात. आईसमोर नाही कसं म्हणू?"

"मग काय सांगतेस त्यांना?"

"काहीतरी," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

बाईने पोरीच्या पाठीवरून हात फिरवला. "बाळा, खाटेवरच्या माणसाला हुशार सिस्टर नको असते गं. विचारून येणारी हवी असते."

शुक्रवारी मोठ्या मॅडम आल्या आणि नुसत्या बसल्या नाहीत. "मलाही वाटा," म्हणाल्या. मुलींची पाचावर धारण बसली. डाव फिरत मोठ्या मॅडमपर्यंत आला. त्यांनी दोन पानं टाकली आणि गंभीर आवाजात म्हणाल्या, "हेपॅटोप्नीया. यकृतामुळे श्वासाला होणारा त्रास."

असा शब्द कुणी ऐकला नव्हता. पण प्राचार्यांना चॅलेंज कोण करणार? एकेक मुलगी खाली बघायला लागली. बाईला कळून चुकलं: ही थाप पचली की पत्ते गेले. आणि बाईला मध्ये बोलता येत नव्हतं.

चॅम्पियन उभी राहिली.

"मॅडम, दोन्ही तुकडे मला येतात, हेपॅटो म्हणजे यकृत, प्नीया म्हणजे श्वास. पण असा आजार मला माहीत नाही. यात पेशंटला काय होतं, सांगाल का?"

मोठ्या मॅडम चष्मा काढून पुसू लागल्या.

"मलाही माहीत नाही," त्या म्हणाल्या. "हातात भलतीच पानं आली, दिलं ठोकून. आणि खरं सांगू? कुणी विचारेल असं मला वाटलंच नव्हतं."

आणि मग जो हशा उठला! शेजारच्या सरांनी भिंतीवर डस्टर आपटलं तरी कुणाला ऐकू गेलं नाही. चॅम्पियन रडतही होती आणि हसतही होती. मोठ्या मॅडमनी आपल्या नावापुढे वजा दोन लिहायला लावले, खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि बाईला म्हणाल्या, "बघता काय? वाटा पुन्हा."

बाईने पत्ते गोळा केले, पिसले आणि पहिलं पान मोठ्या मॅडमपुढे टाकलं.