मागं आवाज येतोय का?

धाकट्याला आवाज सरळ जाऊ देणं कधी जमलंच नाही. गिटारची तार छेडली की सूर आधी फझच्या पेटीत शिरून खरखरीत व्हायचा, तिथून पायानं दाबून सूर 'वा-वा' असा वळवणाऱ्या पेडलमध्ये, मग इको मशीनमध्ये, आणि एवढी यात्रा करून शेवटी अ‍ॅम्प्लिफायरमध्ये पोचायचा. मी म्हणायचो, "अरे, देवळाली प्रवरेहून बेलापूरला जायला कुणी कर्जतवरून जातं का?" तो हसायचा आणि आणखी एक बटण पिळायचा. आमच्या ऑर्केस्ट्रात तो गायचा, वाजवायचा आणि कौतुक खायचा. मी थोरला. मशीनजवळ बसून बटणं सांभाळायचो आणि शिव्या खायचो.

इको मशीन मुंबईहून जुनंच आणलेलं. आत टेपचं एक वेटोळं सारखं फिरत असायचं. एक हेड त्यावर आवाज भरायचं, पुढची हेडं तोच आवाज जरा जरा उशिरानं परत वाजवायची, आणि टेप फिरून आली की पुसणारं हेड ती साफ करायचं. वर बटणं होती: माईक किती, गिटार किती, इको किती, आणि तो किती वेळा परत यावा. हे शेवटचं बटण धाकट्याच्या हाती लागलं की आवाजावर आवाज चढत जाऊन नुसती कोल्हेकुई व्हायची. पुढं बसलेली म्हातारी माणसं कानांवर हात ठेवायची.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी, उसाच्या हंगामात, बेलापूरजवळ एका लग्नात कार्यक्रम होता. दिवस मावळताना धाकट्यानं माईक हातात घेऊन नेहमीसारखं विचारलं, "हॅलो... मागं आवाज येतोय का?" मांडवातल्या मागच्या लोकांनी "येतोय!" म्हणून ओरडायचं आणि मग मी बटणांवरचा हात काढायचा, अशी आमची रीत. त्या संध्याकाळी त्याचा प्रश्न संपतोय तोच लाईट गेली. एकच गलका झाला आणि उत्तर द्यायचं राहूनच गेलं. लाईट काही परत आली नाही. कार्यक्रम मोडला. आम्ही सामान टेम्पोत चढवत होतो तोवर तो मोटारसायकलवर पुढं निघाला, आणि वाटेत अंधारात उभ्या असलेल्या उसाच्या गाडीवर आदळला. आम्ही पोचलो तेव्हा तो गेला होता.

दहाव्याला प्रवरेच्या काठी पिंडाला कावळा शिवेना. मी हात जोडून म्हणालो, "आईला अंतर देणार नाही." मामा म्हणाले, "तुझी गिटार विकणार न्हाई." ढोलकीवाला रडत म्हणाला, "आर्केस्ट्रा बंद पडू देणार न्हाई." कावळे बाभळीवर बसून सगळं ऐकत होते, पण एकही खाली उतरला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही उठलो.

आई घरी होती. आमची तोंडं बघूनच तिला कळलं. "काय राहिलं असंल रे त्याचं?" तेव्हापासून तिचा हा एकच प्रश्न. हातातला घास ताटात ठेवून द्यायची आणि दाराकडं बघत बसायची. "पोटात काय घेऊन गेलं माझं लेकरू?" बघता बघता तिची गालफडं बसली. धाकट्यापाठोपाठ हीही जाते की काय, या भीतीनं माझं कशात लक्ष लागेना.

सामान किती शाबूत आहे ते बघायला एका दुपारी मी ते काढलं आणि इको मशीन चालू केलं. त्याला ना माईक जोडला होता, ना गिटार. तरी स्पीकरमधून आवाज आला, "...का?"

मी झटक्यात बटण बंद केलं. मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. लाईट गेली तेव्हा टेप जागच्या जागी थांबली होती आणि धाकट्याचा प्रश्न तिच्यावर तसाच राहिला होता. मशीन चालू ठेवलं असतं तर तो फिरून येताच पुसला गेला असता. मी आवाज पुसणाऱ्या आणि भरणाऱ्या दोन्ही हेडांच्या तारा सोडवल्या आणि पुन्हा चालू केलं.

"हॅलो... मागं आवाज येतोय का?"

थोडी खरखर, आणि टेप फिरून आली की परत तेच. तो इतका जिवंत वाटत होता की मला त्याचा रागच आला.

आई पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी होती. मी बंद करायला गेलो तर तिनं हातानं थांबवलं. मी तिला सांगितलं, त्या संध्याकाळचं आहे, तो हे विचारत असतानाच लाईट गेली.

"मंग? त्याला सांगितलं का कुनी?"

"काय?"

"येतोय म्हनून."

"नाही. गोंधळ झाला ना."

ती स्पीकरसमोर बसली. प्रश्न फिरून येईपर्यंत थांबली आणि शेतातून बांधापलीकडं हाक मारावी तशी ओरडली, "येतोय रे बाळा! लई झ्याक येतोय! पार मागपातुर येतोय!" मशीननं परत विचारलं. तिनं परत सांगितलं. आवाज बसेपर्यंत सांगत राहिली. मग डोळे पुसून म्हणाली, "आता थांबव त्याला. इचारून इचारून दमला असंल."

मी म्हणालो, नुसतं बंद केलं तर प्रश्न टेपवर तसाच राहील; तारा जोडल्या तर मात्र पुसला जाईल. त्याचा आवाज दुसरीकडं कुठंच भरलेला नाही.

"मला आला ना ऐकू. आता जाऊ दे."

मला जाऊ द्यायचा नव्हता. तरी मी तारा परत जोडून त्यांना कथलाचा डाग दिला आणि मशीन चालू केलं. अर्धा "का" आला, आणि मग टेपची नुसती सूं. त्या संध्याकाळी आई पोटभर जेवली. मला घास गिळवेना.

अजूनही कुठल्या मांडवात कुणी माईकवर विचारलं, "मागं आवाज येतोय का?" की मी पुढच्या खुर्चीत असलो तरी उभा राहून ओरडतो, "येतोय!" लोक वळून बघतात. बघू देत.