तिसऱ्यांदा मागितलेला कौल

जिभेच्या कडेवरची ती जखम इतकी लहान होती की तिच्याकडे दुर्लक्ष करणे मला सोपे गेले. तंबाखू सोडल्याचे मी पत्नीला सांगितले होते. तेही खरे नव्हते. गेल्या वर्षी रत्नागिरीत जखम काढली, कर्करोग निघाला पण वरवर अगदी सुरुवातीचा वाटला, आणि आपण सुटलो असे मी मानले.

पुढे काढलेल्या तुकड्याच्या सविस्तर तपासणीचा अहवाल आला. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावले. गाठ आकाराने लहान असली तरी जिभेत खोल उतरली होती, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या कडेला पेशींचे बारीक पुंजके सुटून पुढे सरकलेले दिसत होते. अशा खुणा असल्या की रोग मानेतल्या लसिकागाठींत जाण्याचा संभव वाढतो. म्हणून त्याही काढाव्यात. "खात्री देता येणार नाही," त्या म्हणाल्या, "पण पेशींत जे दिसतंय ते मी लपवणार नाही."

मला मात्र खात्रीच हवी होती, आणि तीही माझ्या सोयीची. आमच्या मालगुंडच्या बाजूला अडल्या गोष्टीसाठी ग्रामदेवीला कौल लावतात. गुरवआबांनी मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी विचारले, मानेचे ऑपरेशन टाळले तर चालेल ना? डावी पडली. शब्द बदलून पुन्हा विचारले, पुन्हा डावी. तिसऱ्यांदा तोंड उघडले, तेव्हा आबांनी तबक बाजूला ठेवले.

"गुरुजी, पोराचं उत्तर चुकलं तर शाळेत प्रश्न बदलून देता काय?"

आबांनी पडलेल्या कळ्या उचलून माझ्या हातावर ठेवल्या.

"देवीनं दोनदा सांगितलान. त्या बाईंनी मांसाचा तुकडा बघून सांगितलान. आता आणखी कोणी सांगायचं ऱ्हायलंय?"

मला लाज वाटली. माझ्या भीतीवर देवीची सही घ्यायला मी आलो होतो. घरी येऊन पत्नीला तंबाखूचे खरे सांगितले. ती भाजी चिरत होती. "ठाऊक आहे," मान वर न करता ती म्हणाली. "सदऱ्याचे खिसे कोण धुतं, अहो?"

ऑपरेशन झाले. काढलेल्या गाठींपैकी एकीत रोगाचा बारीक ठिपका सापडला. मग किरणोपचार झाले. आजवरच्या तपासण्यांत काही आढळलेले नाही. उद्याचे डॉक्टरही सांगत नाहीत, मीही विचारत नाही. कळी देवीने पाडली की ओलाव्याने, हा वाद मी घालणार नाही. मला वेळेवर अडवले गेले, एवढे मी जाणतो.

बरा झाल्यावर नारळ घेऊन गेलो. जीभ अजून जड होती, शब्द नीट उमटत नव्हते. म्हणून आबांनीच माझ्या वतीने देवीला गाऱ्हाणे, म्हणजे मागणे, घातले. आमच्या रीतीप्रमाणे प्रत्येक मागणीनंतर भक्ताने होकार भरायचा असतो. आयुष्यभर देवापुढे मी पुष्कळ बोललो, अटी घातल्या, कारणे दिली. त्या दिवशी मला एवढेच म्हणता आले, "व्हय महाराजा."