विद्याधर गुप्त्यांचा अंगठा

मृणालिनी गुप्ते विक्रोळीच्या एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होती. लग्न केलं नव्हतं. घाटकोपरच्या दोन खोल्यांत ती आणि थोरला भाऊ विद्याधर, एवढंच घर. विद्याधर महापालिकेतून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाला आणि चौऱ्याऐंशी साली त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. नोकरी सांभाळून त्याला उचलणं-बसवणं तिला जमेना. शेवटी मुलुंडच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं, आणि तिच्या जिवाची स्वस्थताच गेली. गॅस बंद केला का बघायला ती अर्ध्या वाटेवरून परत यायची.

पेन्शन विद्याधरच्या बँकखात्यात जमा व्हायची. आश्रमाचे व्यवस्थापक सीताराम गव्हाणे म्हणाले, "ताई, कशाला हेलपाटे घालता? पासबुक इथेच ठेवा. त्यांचा अंगठा घेऊन आम्ही फी काढत जाऊ." तिला तेव्हा बरंच वाटलं.

तीन महिन्यांनी एका रविवारी भावाच्या डाव्या हाताच्या बोटांवर, मागच्या बाजूला, तिला शाई फासलेली दिसली.

"डावा हातही आखडत चाललाय हो," गव्हाणे म्हणाले. "मूठ उघडतच नाही. अंगठा घ्यायला दोन माणसं लागतात."

तेवढ्यात चहा आला. विद्याधरनं त्याच डाव्या हातानं कप उचलला, थेंब न सांडता प्यायला आणि खाली ठेवला. गव्हाणे बाहेर गेल्यावर ती भावाजवळ सरकली.

"दादा, मूठ मुद्दाम आवळतोस ना?"

त्यानं होकाराची मान हलवली. एकदाच, पण जोरात.

"फीपेक्षा जास्त काढतात?"

पुन्हा मान हलली. त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता.

पासबुक मागितलं तर गव्हाण्यांना ऑफिसची किल्ली सापडेना. सोमवारी ती अर्धी रजा टाकून थेट बँकेत गेली. फी वगळून सहाशे-सहाशे रुपये दोनदा निघाले होते.

"अंगठा आहे, साक्षीदाराची सही आहे," अधिकारी जयवंत सामंत म्हणाले. "आम्ही काय करणार?"

"साक्षीदार कोण?"

"गव्हाणे."

"मग तुम्ही स्वतः चला आणि माझ्या भावाला विचारा!" एरवी हळू बोलणारी मृणालिनी इतकी मोठ्यानं बोलली की आख्खी रांग वळून बघायला लागली.

गुरुवारी सामंत खरंच आश्रमात आले. खात्यावर बहिणीचं नाव घालायचं, ती समोर असल्याशिवाय अंगठ्यावर पैसे द्यायचे नाहीत, फी चेकनं जाईल, हे त्यांनी सावकाश वाचून दाखवलं. विद्याधरनं शाईच्या डबीकडे आपणहून हात पुढे केला.

बाराशे मात्र परत मिळाले नाहीत. औषधांना लागले, असं सांगून गव्हाण्यांनी बिनानावाची बिलं पुढे केली. तिनं भावाला तिथून हलवलं असतं, पण दुसऱ्या दोन आश्रमांनी जागेसाठी आठ महिने थांबायला सांगितलं. म्हणजे ज्याला पकडलं त्याच्याच हाती भाऊ ठेवायचा. हा माणूस आता त्याच्यावर डूख धरेल, जेवण वेळेवर देणार नाही, कूस बदलणार नाही, असे विचार स्विचबोर्डवर बसल्या बसल्या तिला छळायचे. एकदा तिनं साहेबांचा फोन भलत्यालाच जोडून दिला.

मग ती रविवारबरोबर बुधवारीही आश्रमात जायला लागली. न सांगता, कधी पाचला, कधी सातला.

"ताई, तुमचा विश्वासच नाही आमच्यावर," गव्हाणे एकदा हसत म्हणाले.

"नाही," ती म्हणाली, आणि भावाच्या पाठीला जखमा झाल्यात का बघायला तिनं त्याचा सदरा वर केला.