दारावरच्या लोंब्या

पीक बुडाल्याचं साहेबांना पटलं, तरच सरकार सारा माफ करून बियाण्याला मदत देई. मी त्यांचा कारकून. कडावच्या त्या म्हातारीचं भात उभंच्या उभं करपलं होतं, पण साहेब बांधापर्यंत गेलेच नाहीत. दसऱ्याला दारावर बांधलेलं लोंब्यांचं तोरण त्यांनी काठीनं उचललं. “दाणे तर भरलेत!” म्हणाले, आणि घोड्यावर बसले.

म्हातारीनं वाकडं झालेलं तोरण हळूच सरळ केलं.

“सगळं श्यात धुंडलं, तवा येवढ्याच भरलेल्या गावल्या, दादा,” ती मला म्हणाली. “देवाला पोचट कशा बांदू रं?”

पुढच्या दसऱ्याला तिथून गेलो. दाराला बाहेरून कडी होती. तेच तोरण लटकत होतं. दाणे चिमण्यांनी कधीच टिपले होते.

आता साहेबांना पटलं असतं.