न नेलेलं सामान

गुप्त पोलिसांच्या कचेरीत जबाबाला बोलावलेल्या माणसांचं सामान दाराशी ठेवून घ्यायचं आणि टोकन द्यायचं, हे काम टोकनबाईंनी बावीस वर्षं केलं. त्यांतले एकोणीस जण आत गेले ते बाहेर आलेच नाहीत. त्यांच्या पिशव्या मागच्या रॅकवर पडून होत्या. बाई रोज संध्याकाळी त्या पिशव्यांची तोंडं भिंतीकडे करून ठेवत. सकाळी ती टोकनाच्या खिडकीकडे वळलेली असत.

सरकार पडलं. नवे साहेब हसतच आले.

"मावशी, जुन्या साहेबांची चौकशी करायची की नाही, ते अजून वर ठरतंय. तोवर हा कचरा जाळून टाका. निवृत्तीला दोनच महिने उरलेत ना? पेन्शन अडकली म्हणजे? कशाला नसती लचांडं!"

बाईंना पेन्शनशिवाय दुसरा आधार नव्हता. त्यांनी मुकाट्याने पहिली पिशवी उचलली. आतला डबा हाताला गरम लागला, नुकताच कुणी घरून भरून दिल्यासारखा.

त्यांनी पिशवी जागेवर ठेवली.

"साहेब, टोकन दाखवल्याशिवाय इथून काही हलत नाही. चौकशी बसवा, मी एकेक पिशवी उघडून दाखवते. नाहीतर तुम्हीच न्या उचलून."

साहेबांचं हसू मावळलं. पण रॅककडे जायला त्यांचा पाय उचलेना.